बाबांना सापडलेला खेळ: ओक ग्रोव्हमधला डिस्क गोल्फ (नवशिक्यांना सोपा पार्क कसा ओळखायचा?)

आरोयोकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे. विषय आहे डिस्क गोल्फ, म्हणजे तबकडी फेकून टोपलीत टाकायचा खेळ. थोडं लांबण लागेल, पण मला हे नीट सांगायचं आहे.

माझे आईबाबा फेब्रुवारीत वाईहून आमच्याकडे आले, सहा महिन्यांसाठी. आम्ही कॅलिफोर्नियात पॅसाडिनाजवळ राहतो. आई नातवात रमली. बाबांचं मात्र कठीण झालं. वय ७१, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला, रोज संध्याकाळी घाटावर चार माणसांशी बोलल्याशिवाय ज्यांचा दिवस मावळत नाही असा माणूस. इथे गाडी चालवता येत नाही, चालत जाऊन पोचावं असं जवळ काही नाही. दुपारी तीन वाजता खिडकीत उभे राहून ते एकदा म्हणाले, "इथली माणसं असतात तरी कुठे गं?" मला त्या दिवशी रात्री झोप लागली नाही. ज्यांच्याकडे आईबाबा येऊन राहतात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

एका शनिवारी त्यांना हाहामोंगना वॉटरशेड पार्कमध्ये फिरायला नेलं. जुने लोक त्याला अजून ओक ग्रोव्ह पार्कच म्हणतात. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेला अगदी लागून आहे, आरोयो सेको ओढ्याच्या काठावर, डेव्हिल्स गेट धरणाच्या वरच्या अंगाला. जुने ओक वृक्ष, त्यांची दाट सावली. चालता चालता एकदम 'छन्न' असा आवाज आला, देवळातली साखळी हलावी तसा. बघतो तर लोखंडी खांबाला साखळ्या लोंबत होत्या, खाली जाळीची टोपली, आणि एक मुलगा त्या टोपलीतून तबकडी काढत होता. बाबा थेट त्याच्यापाशी गेले आणि त्यांच्या इंग्रजीत विचारायला लागले. त्या मुलाने सगळं समजावून सांगितलं आणि पिशवीतली एक जास्तीची तबकडी बाबांच्या हातात ठेवली, "टाकून बघा."

बाबांनी ती छातीजवळ न नेता कमरेच्या बाजूने, हात खालून, मनगटाच्या झटक्याने सोडली. सपाट गेली, सरळ गेली, आणि मी मोजलं नाही पण शंभर-सव्वाशे फुटांवर जाऊन हलकेच उजवीकडे वळून टेकली. तो मुलगा म्हणाला, हा फोरहँड लोकांना महिनोन् महिने जमत नाही. बाबा म्हणाले, "कृष्णेत भाकऱ्या काढायचो आम्ही." चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत न्यायचा तोच हात! साठ वर्षांनी तो हात परत जागा झाला.

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा जातो. ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी खेळ थोडक्यात: ठरलेल्या जागेवरून (टी) तबकडी टाकायची, जिथे पडेल तिथून पुढची, टोपलीत पडेपर्यंत. हा झाला एक 'होल'. किती फेकी लागल्या ते मोजायचं, कमी फेकींचा जिंकतो. बहुतेक होलांना तीन फेकी 'पार', म्हणजे अपेक्षित, धरतात. साखळीत अडकून राहिली किंवा टोपलीत बसली की होल झाला. टोपलीच्या माथ्यावर जाऊन बसली तर नाही. ओक ग्रोव्हला अठरा होल आहेत, पैसे लागत नाहीत. अठरा झेपत नसतील तर सहा खेळून घरी या, कोणी काही म्हणत नाही.

आता बाबांना सगळ्यात आवडलेला भाग. हा जगातला पहिला कायमस्वरूपी डिस्क गोल्फ कोर्स आहे, १९७५ चा. एड हेड्रिक नावाच्या माणसाने मांडलेला. हे गृहस्थ व्हॅम-ओ कंपनीत होते. फ्रिसबी विकणारी ती कंपनी तेव्हा इथून जवळच, सॅन गॅब्रिएलमध्ये होती. फ्रिसबीच्या पाठीवर ज्या बारीक कडांच्या गोल रेघा असतात ना, ती यांची करामत, तिचं पेटंट १९६७ चं. त्या रेघांमुळे तबकडी हवेत जास्त स्थिर राहते. सुरुवातीला इथे टोपल्या नव्हत्या, नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली की होल झाला. पण लागली की नाही यावरून वाद व्हायचे. त्यातून साखळ्यांची टोपली निघाली, तिचं पेटंट १९७७ चं. २००२ मध्ये हेड्रिक वारले तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून तबकड्या बनवल्या. बाबांनी हे ऐकलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अस्थी कृष्णेत सोडतात, याने वाऱ्यावर सोडल्या."

तर प्रश्न असे:
१. आईलाही न्यायचं आहे. तिचे गुडघे दुखतात, खांदाही थोडा धरतो. तिच्यासाठी कुठल्या तबकड्या?
२. तुमच्या गावातला कुठला पार्क नवशिक्यांना सोपा आहे? सोपा म्हणजे नेमका कसा?
३. ऑगस्टमध्ये बाबा परत जातील. वाईत यातलं काय करता येईल?

---

सायीसकट_ताक

फार सुंदर लिहिलंय ताई. 'इथली माणसं असतात तरी कुठे' हे वाचून पोटात तुटलं. माझ्या सासऱ्यांनी हेच वाक्य वेगळ्या शब्दांत म्हटलं होतं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण मी स्वतः खांद्याचं दुखणं घेऊन खेळायला लागले. दुकानात गेलात की भिंतभर रंगीत तबकड्या दिसतील आणि हात आपोआप पातळ, धारदार कडेच्या ड्रायव्हरकडे (लांब फेकायच्या तबकडीकडे) जाईल. ती घेऊ नका. ती हाताच्या प्रचंड वेगासाठी बनलेली असते. आपल्या वेगाने सोडली तर सुटल्याबरोबर डावीकडे कोसळते, आणि माणूस दुप्पट जोर लावायला जातो. खांदा तिथेच जातो.

आईंसाठी एक पटर (जवळून टोपलीत टाकायची) आणि एक मिडरेंज (मधल्या अंतराची), बस्स. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास बघा. तबकडीवर किंवा तिच्यावरच्या स्टिकरवर बहुधा लिहिलेलं असतं. साध्या प्लास्टिकची दहा डॉलरच्या आसपास मिळते, हातात पकडही छान येते. महागड्या प्लास्टिकच्या मागे आत्ता लागू नका. आणि आईंना सांगा, पहिले दोन आठवडे टोपलीपासून पंधरा फुटांवर उभं राहून फक्त साखळी वाजवायची. तो आवाज आला की पुढचं सगळं आपोआप होतं.

---

मोजपट्टी

आमच्या टेक्सासमधल्या उपनगरात दोन वर्षांपूर्वी नऊ होलांचा छोटा कोर्स झाला, त्यात मी स्वयंसेवक म्हणून होतो. टोपल्यांचे खड्डे खणण्यापासून नकाशावर रेघा मारण्यापर्यंत सगळं केलं. त्यामुळे 'सोपा म्हणजे नेमका कसा' यावर मनापासून लिहितो.

लोकांना वाटतं, अंतर कमी म्हणजे सोपा. अंतर महत्त्वाचं आहेच. नवशिका माणूस दीडशे ते दोनशे फूट टाकतो, तेव्हा होल दीडशे ते अडीचशे फुटांत बसला पाहिजे, म्हणजे दोन फेकींत टोपलीजवळ पोचून तिसरी आत टाकायची आशा राहते. चारशे फुटांचा होल दिला की सहा-सात फेकी होतात आणि चौथ्या होलला मूल म्हणतं घरी चला.

पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे टीवरून टोपली दिसली पाहिजे. कुठे टाकायची हेच कळत नसेल तर नवा माणूस गोंधळतो. मग झाडं. झाड मुळीच नको असं नाही, एक-दोन हवीतच, नाहीतर खेळाला चव येत नाही. पण झाडाखालचं झुडूप काढलेलं हवं, तबकडी पडली की दिसली पाहिजे. शोधायला तीन मिनिटं मिळतात, नाही सापडली तर एक फेक दंड. नवशिक्याला दंडाचं काही वाटत नाही, दहा डॉलरची तबकडी गेल्याचं वाटतं. पाणी तर अजिबात नको. बहुतेक तबकड्या बुडतात.

आता वळण. उजव्या हाताने, छातीसमोरून बॅकहँड टाकणाऱ्याची तबकडी वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते आणि वेग उतरला की डावीकडे झुकते. बहुसंख्य लोक असंच टाकतात. म्हणून पायवाट, झोपाळे, बाक हे होलच्या डाव्या बाजूला येऊ द्यायचे नाहीत. आमच्या पहिल्या आराखड्यात तिसऱ्या होलच्या डावीकडे लहान मुलांची घसरगुंडी होती! कागदावर कोणाच्या लक्षात आलं नाही, जागेवर जाऊन वीस तबकड्या टाकल्या तेव्हा कळलं. होल अख्खा उलटा फिरवला. (तुमच्या बाबांचा फोरहँड आहे, त्यांची तबकडी उलटी फिरते, म्हणून शेवटी उजवीकडे गेली. तुम्ही अचूक पाहिलंत.)

ज्यांच्याकडे नगरपालिका किंवा पार्कवाले विचारतील त्यांनी ढोबळ हिशेब धरावा, होलामागे एक एकर. लहान होल असतील तर कमीत भागतं, पण दाटी केली की एका होलची फेक दुसऱ्या होलवरच्या माणसाच्या डोक्यावर.

अजून एक, स्वस्त पण बहुतेक ठिकाणी विसरलेली गोष्ट. एक होल संपल्यावर पुढची टी कुठे आहे ते सांगणारा बाण. नवीन माणूस टोपलीतून तबकडी काढतो आणि चारी दिशांना बघत उभा राहतो. यूडिस्क अ‍ॅपवर नकाशे असतात, पण सत्तरीच्या माणसाने उन्हात फोन का बघायचा?

---

निळी_छत्री

मला या धाग्यात थोडा वेगळा सूर लावायचा आहे, राग मानू नका.

आमच्या इथल्या पार्कात (राज्य, गाव काही लिहीत नाही) आधीपासून असलेल्या चालायच्या वाटेला चिकटून टोपल्या बसवल्या. माझ्या सासूबाई रोज तिथे चालायच्या. एका संध्याकाळी तबकडी त्यांच्या खांद्यावर आदळली. हाड मोडलं नाही, पण महिनाभर हात वर होत नव्हता. टाकणारा माणूस धावत आला, माफी मागितली, चांगला होता. पण त्यानंतर सासूबाईंनी चालणंच सोडलं. त्यांचा तो एकुलता एक तास होता घराबाहेरचा. बाबांना खेळ मिळाला याचा आनंद आहेच, पण आमच्याकडे त्याच खेळाने एका म्हाताऱ्या बाईचा पार्क गेला. तक्रार केली, पत्र आलं, टोपली आहे तिथेच आहे.

---

आरोयोकाठची

निळी छत्री, राग कसला! लिहिलंत ते फार बरं केलंत. सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं. आता कशा आहेत?

ओक ग्रोव्हलाही घोडेवाले येतात, कुत्री घेऊन फिरणारे येतात, शाळेची मुलं येतात. बाबांनी पहिल्याच आठवड्यात स्वतःसाठी नियम केला: नजरेच्या टप्प्यात माणूस असेल तर तबकडी हातातच ठेवायची, तो जाईपर्यंत. खेळणारे जे ओरडतात ना 'फोर!', ते बाबांना मान्य नाही. त्यांचं म्हणणं, ओरडावं लागलं म्हणजे आधीच चूक झालेली आहे. मागचे लोक खोळंबले तर त्यांना पुढे जाऊ देतो. कधीकधी एका होलला दहा मिनिटं जातात.

---

मोजपट्टी

निळी छत्री, तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत चूक पार्कच्या आखणीची आहे आणि ती दुरुस्त होऊ शकते. टोपली हलवणं अवघड नसतं. बहुतेक टोपल्यांचा खांब जमिनीत पुरलेल्या नळीत बसवलेला असतो. दुसरी नळी पुरा, टोपली उचला, तिकडे लावा. खर्च फक्त एक पोतं काँक्रीट आणि अर्ध्या दिवसाची मेहनत.

पत्राने काम होत नसेल तर असं करा. एका रविवारी त्या होलवर अर्धा तास उभ्या राहा आणि किती तबकड्या वाटेवर पडतात ते मोजा, फोटो काढा. तिथल्या खेळाडूंच्या क्लबला ते दाखवा. आमच्याकडे अशी नोंद आली तेव्हा आम्ही स्वतः जाऊन पार्कवाल्यांना सांगितलं की हे हलवू द्या. कोणालाच माणसाला लागलेलं नको असतं. अशा एका अपघाताने अख्खा कोर्स बंद होऊ शकतो हे त्यांनाही ठाऊक असतं.

---

एस्पूकर

फिनलंडहून. इथे या खेळाला फ्रिसबीगोल्फ म्हणतात आणि तो क्रिकेटसारखा घरोघरी आहे असं म्हटलं तरी चालेल. शाळेतली मुलं, आज्या, बाबागाडी ढकलणारे आईबाप, सगळे खेळतात. टोपलीला 'कोरी' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कोरी पाटी आठवली.

आमच्या एस्पूत पुओलार्मारी म्हणून कोर्स आहे, जंगलात, मोफत. इथल्या चांगल्या कोर्सवर प्रत्येक टीला पाटी असते: होलचा नंबर, अंतर, पार, आणि टोपलीकडे जायची वाट काढलेला छोटा नकाशा. मोजपट्टी म्हणतात ते बाणाचं अगदी खरं आहे. मी इथे भाषा न येता आलो होतो, पण त्या पाट्यांवरून एकट्याने अख्खा कोर्स खेळलो. परक्या देशात कोणाला काही न विचारता एक गोष्ट पूर्ण करता आली, त्या दिवशी बरं वाटलं होतं.

जूनमध्ये रात्री अकरालाही उजेड असतो, जेवण करून खेळायला जातो. हिवाळ्यात बर्फात तबकडी घुसली की वर नुसती चीर दिसते, म्हणून तिच्या खालच्या बाजूला लांब रिबीन चिकटवतात. फेकली की शेपटी घेऊन उडते, बर्फात गेली तरी शेपटी वर राहते. माझ्या मुलीला ते इतकं आवडतं की ती उन्हाळ्यातही रिबीन काढू देत नाही.

आणि नवीन लोकांनी विकत घेण्याआधी ग्रंथालयात विचारा. इथे अनेक ग्रंथालयांत पुस्तकांबरोबर खेळाचं साहित्यही घरी न्यायला मिळतं. अमेरिकेतही काही ठिकाणी असेल.

---

दुपारची_सावली

तबकडीवरचे चार आकडे काय असतात? दुकानात गेलो, ६ / ५ / -२ / १ असं लिहिलेलं. विक्रेत्याने सांगितलं, मला नीट समजलं नाही.

---

सायीसकट_ताक

ही इनोव्हा कंपनीची लेपर्ड नावाची तबकडी असणार, आकडे पाठ आहेत. छान तबकडी आहे, घेतली असेल तर पश्चात्ताप नको.

पहिला आकडा वेग. म्हणजे ती किती वेगात जाईल हे नाही, तर नीट उडण्यासाठी तुम्ही तिला किती वेग द्यायला हवा. नवशिक्याने सहा-सातच्या वर जाऊ नये. दुसरा, ती हवेत किती तरंगते. तिसरा आणि चौथा वळणाचे. बॅकहँड टाकणाऱ्या उजव्या हाताच्या माणसासाठी, तिसरा जितका उणे तितकी ती सुरुवातीला उजवीकडे झुकते, आणि चौथा जितका मोठा तितकी शेवटी डावीकडे ओढते. नवीन माणसाला तिसरा उणे आणि चौथा लहान हवा. कारण आपला वेग कमी, त्यामुळे ती उजवीकडे जाणार ते जात नाही, सरळच जाते. जोरकस माणसाच्या हातात तीच लेपर्ड उजवीकडे पळेल.

आणि एक. तबकडीचं नाक, म्हणजे पुढची कड, वर ठेवून सोडू नका. सगळे नवीन लोक हेच करतात, वाटतं वर टाकली की लांब जाईल. ती वर चढते, थांबते आणि मागे-डावीकडे येऊन पडते. भरलेलं ताट हातात धरलंय आणि आमटी सांडू द्यायची नाही, असा हात सपाट फिरवा. ज्यांना ज्यांना असं सांगितलं त्यांना पाच मिनिटांत फरक पडला.

---

दुपारची_सावली

ताटाचं डोक्यात बसलं! आज मुलाबरोबर गेलो. टोपलीपासून साठ-सत्तर फुटांवरून पहिल्यांदा दोन फेकींत आत. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याने मला मिठी मारली. आभार.

---

पर्वतीपायथा

पुण्याहून. आरोयोकाठची, तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. मी इथे फ्रिसबी खेळणाऱ्या मुलांच्यात अधूनमधून असतो. अल्टिमेट म्हणजे सात-सात जणांचा मैदानी खेळ, त्यामुळे तबकड्या मिळतात, पण त्या वेगळ्या. अल्टिमेटची तबकडी १७५ ग्रॅमची, मोठी आणि बोथट कडेची, झेलायला बनवलेली. डिस्क गोल्फची लहान आणि कडेला निमुळती, ती झेलायची नसते, हाताला लागते. बाबा जाताना चार पटर घेऊन गेले तर बरं.

टोपली हवीच असं नाही. तुम्हीच लिहिलंय की ओक ग्रोव्हला आधी नुसते खांब होते. वाईत खांब कमी आहेत का? एखादं मोकळं रान बघा, बाभळीचा बुंधा, विजेचा नसलेला खांब (हे महत्त्वाचं), पडकी विहीर सोडून काहीही. तबकडी टेकली की झालं. आपण लहानपणी लगोरी, विटीदांडू खेळायचो तेव्हा कुठे आखीव मैदान होतं? गल्लीच्या मापाने नियम ठरायचे.

फक्त सार्वजनिक बागेत करू नका. आपल्याकडे बागेत सकाळ-संध्याकाळ पाऊल ठेवायला जागा नसते, आणि निळी छत्रींनी सांगितलं ते इथे पहिल्याच दिवशी होईल. जागा माणसांची आधी, खेळाची नंतर.

---

एस्पूकर

झाडाला सतत तबकड्या लावू नका एवढीच विनंती. एकाच जागी मार बसून साल निघते. इथे टीच्या अगदी समोरच्या झाडांना फळ्या किंवा जाड दोर गुंडाळतात. लाकडाचा मेलेला बुंधा असेल तर उत्तम.

---

आरोयोकाठची

सगळ्यांचे आभार. थोडी बातमी देते.

आई आता येते. सायीसकट ताक यांनी सांगितलं तसं दीडशे ग्रॅमचा पटर घेतला, पिवळा. ती टीवरून टाकत नाही, बाबांची तबकडी जिथे पडेल तिथून पुढचं सगळं ती टाकते. दोघं मिळून एक खेळाडू. असा प्रकार खरोखरच आहे म्हणे, जोडीने खेळायचा. आईचा नेम बाबांपेक्षा चांगला आहे हे बाबांनी स्वतः मान्य केलं.

पार्कात येणाऱ्या नवीन लोकांसाठी: जमीन बरीचशी सपाट आहे, ओकची सावली भरपूर, पण झाडांमधून वाट काढावी लागते, त्यामुळे अगदी मोकळा कोर्स हवा असेल तर हा नव्हे. पहिल्या दिवशी सकाळी लवकर जा. वाट सोडून झुडपात हात घालायचा नाही, पॉयझन ओक असतो, तीन-तीन पानांचा, अंगाला फार खाज सुटते. उन्हाळ्यात रॅटलस्नेकची काळजी घ्यायची. तबकडी गवतात गेली तर आधी काठीने हलवून बघतो.

बाबांना आता तिथे नावाने ओळखतात. ज्याने पहिली तबकडी दिली तो मुलगा शनिवारी त्यांची वाट बघतो. जेपीएलमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ येतात, त्यांनी सांगितलं की १९३६ मध्ये याच आरोयोत, धरणाजवळ, काही तरुणांनी पहिल्यांदा रॉकेटचं इंजिन पेटवून बघितलं आणि त्यातून जेपीएल उभं राहिलं. बाबांनी बदल्यात त्यांना वाईच्या मेणवलीतला नाना फडणवीसांचा वाडा आणि तिथली घंटा सांगितली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातली ती. बाबा दोन होलांच्या मधे उभे राहून वसईचा वेढा सांगत होते आणि ते गृहस्थ ऐकत होते. मागून चार पोरं आली, ती पुढे जायच्या ऐवजी ऐकत थांबली.

---

निळी_छत्री

तुमचं वाचून मी काल त्या होलवर खरंच उभी राहिले. अर्ध्या तासात सहा तबकड्या वाटेवर. फोटो काढले, क्लबच्या माणसाला भेटले. तो म्हणाला, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या महिन्यात टोपली सरकवायला पार्कवाल्यांची परवानगी मागणार आहेत, मला बैठकीला बोलावलंय. सासूबाईंना अजून सांगितलं नाही, टोपली हलली की हात धरून घेऊन जाईन.

---

मोजपट्टी

उत्तम. बैठकीत 'होल बंद करा' म्हणू नका, 'टोपली वाटेच्या दुसऱ्या अंगाला न्या' म्हणा आणि नवी जागा दाखवा. हवं असेल तर नकाशा इथे टाका, मी बघून सांगतो.

---

आरोयोकाठची

खूप दिवसांनी. बाबा-आई गेल्या महिन्यात परत गेले. पिशवीत सहा तबकड्या नेल्या, आईचा पिवळा पटर धरून.

काल फोटो आला. बाबांच्या मित्राचं ओझर्ड्याच्या बाजूला शेत आहे. बांधावर दोन खांब पुरलेत, त्यावर फळांच्या बाजारातली करंडी खिळ्यांनी ठोकली आहे. चौघे मित्र, सगळे सत्तरीच्या पुढचे, ऊस तोडलेल्या रानात उभे. एकाच्या हातात तबकडी सुपासारखी दोन हातांनी धरलेली.

बाबांची तक्रार एकच, करंडीत पडली तरी आवाज येत नाही, आणि जोरात लागली की उसळून बाहेर जाते. त्यांना गुरांच्या साखळ्या मिळाल्या आहेत. मोजपट्टी, त्या कशा टांगायच्या ते विचारताहेत.

---

मोजपट्टी

वर सायकलची जुनी रिम आडवी बसवा, खांब मधोमध. रिमला आठ-दहा साखळ्या बांधा आणि त्यांची खालची टोकं करंडीच्या थोडं वर, खांबाभोवती एका कड्यात गोळा करा. साखळी ताणायची नाही, मधे पोट सुटलं पाहिजे. सैल असली तरच ती तबकडीचा जोर पिऊन टाकते, ताठ बांधली तर भिंतीसारखी परत फेकते. जमलं तर आत, खांबाजवळ, अजून एक लहान फेरा, म्हणजे दोन साखळ्यांमधून निसटलेली तिथे अडकेल. गुरांची साखळी जड असते, म्हणून रिम खांबाला दोन ठिकाणी पक्की बसवून घ्या. तारेने बांधू नका, सुटून कोणाच्या पायावर पडेल.

---

आरोयोकाठची

लगेच सांगते. इथे सकाळचे दहा, म्हणजे वाईत रात्रीचे साडेदहा. जागेच असतील.